लक्ष कुठं गेलं?

बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या आमच्या वाचनालयाच्या दारात गुडघ्यांवर होत्या.

सोमवार होता. सोमवारी आम्हाला सुट्टी असते, पण फाटकी पुस्तकं चिकटवायला मी सकाळची येऊन बसायचे. सांगलीच्या विश्रामबागेतलं आमचं वाचनालय तसं लहानच, पण बालविभागाला वेगळी खोली आहे आणि त्या खोलीचा मला केवढा तरी अभिमान. तर त्या खोलीच्या उंबऱ्यावरून पन्नाशी उलटलेली एक बाई, पदर कमरेला खोचून, काखेत कापडी पिशवी धरून, गुडघ्यांवर चालत आत येत होती. मला वाटलं, हिचं कानातलं पडलं असणार.

"काही हरवलं का तुमचं?"

"न्हाई वं. तुमची लायब्ररी बगतीया."

"अशी?"

"पोरं अशीच बगत्यात की. त्यांची उंची एवढीच असती."

मग त्या टेबलाखाली गेल्या. तिथूनच त्यांचा आवाज येत राहिला. टेबलाच्या खालच्या अंगाला च्युइंगम चिकटवलेली आहेत. म्हणजे पोरं इथं येऊन बसतात, तुम्हाला पत्ता नाही. भिंतीवर थोरामोठ्यांच्या तसबिरी आहेत, पण इथून नुसत्या हनुवट्या दिसतात. शेवटी त्या कपाटाच्या खालच्या फळीपाशी आल्या.

"पोराचा हात पोचतो तितं काय ठेवलंय तुमी? पेपरांचे गठ्ठे. आन तुमचा डबा. काय हाय डब्यात?"

डब्यात शेंगापोळी होती. मी रागानं लाल झाले होते, तरी ती द्यावी लागली. बाईंनी जमिनीवर बसूनच अर्धी खाल्ली, अर्धी मला परत दिली आणि सांगितलं की त्या वाईच्या एका वाचनालयात ग्रंथपाल आहेत, सांगलीत मुलांसाठी वेगळी खोली आहे असं ऐकलं म्हणून सकाळच्या एसटीनं निघाल्या, आणि खोली चांगली आहे.

"पुढल्या म्हैन्यात तुमी आमच्याकडं या. तुमी बी आमच्यातलं काडा काय काडायचं ते."

मी जाणार नव्हते. पण त्या गेल्यावर दाराला आतून कडी लावली आणि स्वतः गुडघ्यांवर बसून पाहिलं. खरोखरच हनुवट्या दिसत होत्या.

पुढच्या महिन्यात मी वाईला गेलेच, बाईंनी आणखी काही ग्रंथपालांना असंच गाठून बोलावलं होतं, आणि अशी आमच्या सोमवारांची सुरुवात झाली. महिन्यातून एक सोमवार, आळीपाळीनं एकेका गावच्या वाचनालयात. कराडची एक मुलगी यायची, नुकतीच नोकरीला लागलेली, इतकी लाजरी की हजेरी दिल्यासारखं बोलायची. तासगावचे एक गृहस्थ होते, फौजेतून निवृत्त होऊन वाचनालयात लागलेले, झुपकेदार मिशांचे, ज्यांचा आजा जतकडं मेंढरं राखायचा. बाकी दोघं-तिघं येऊन-जाऊन. बाईंनी कुणाचं नाव कधी लक्षात ठेवलं नाही. त्या गावाच्या नावानं हाक मारायच्या. "तासगाव, जरा सरका." "कराड, मोठ्यानं बोल गं." मी विश्रामबाग. लग्नानंतर माझं आडनाव बदललं, मग सासरच्यांनी नावही बदललं, पण विश्रामबाग हे नाव मला जेवढं आपलं वाटलं तेवढं कुठलंच वाटलं नाही.

पद्धत बाईंची होती. सतरंजी अंथरायची. एकानं पुस्तक वाचून दाखवायचं आणि बाकीच्यांनी मूल बनायचं. तीन ते सहा वर्षांचं, त्याहून मोठं चालायचं नाही. कुणी नाक ओढायचं, कुणी शेजारणीचे केस ओढायचे, कुणाला मध्येच शू लागायची. तासगाव दर वेळी "आई पायजे" म्हणून रडायचे आणि ते इतकं मनापासून की कराडच्या मुलीला खरंच वाईट वाटायचं. बाई सगळ्यांत धाकट्या असायच्या. पुस्तक हातात आलं की त्या ते चावायच्या. लटकं नाही, खरं चावायच्या. आमच्या एका पुस्तकाच्या कोपऱ्यावर त्यांचे दात अजून आहेत. मी ओरडले तेव्हा म्हणाल्या, "पोरगं पुस्तक आदी दातानं वाचतंय. तुमाला ते चालत न्हाई, मग हितं कसं यावं त्यानं?"

वाचून झालं की कुणी छान म्हणायचं नाही आणि चुकलं असंही म्हणायचं नाही. बाईंचं म्हणणं, छान म्हणजे गप बसा. प्रत्येकानं फक्त एवढंच सांगायचं की ऐकताना आपलं लक्ष कुठं गेलं.

मी शाळा-कॉलेजात वक्तृत्वाच्या ढाली आणलेली मुलगी. माझी पाळी आली तेव्हा म्हटलं, आता यांना दाखवते. वाघाचा आवाज वाघासारखा, चिमणीचा चिमणीसारखा, हातवारे, डोळे, सगळं केलं. संपवून बसले आणि वाट पाहू लागले.

तासगाव म्हणाले, "माझं लक्ष तुमच्या बांगड्यांकडं गेलं. लय वाजत होत्या."

कराडची मुलगी चाचरत म्हणाली, "माझं खिडकीबाहेर. कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं आणि ती होत नव्हती."

बाई म्हणाल्या, "माजं लक्ष तुमच्या अंगठ्याकडं गेलं. चिमणी अंगठ्याखाली हुती. वाघ आला, तरी ती दिसंना. मला वाटलं, मेली. मग पुडं मी ऐकलंच न्हाई, मी तिच्यापायी रडत बसले."

घरी जाऊन मी जेवले नाही. आमच्या जैन घरात दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात, त्यामुळं न जेवणं लगेच सगळ्यांना कळतं. सासूबाईंनी कारण विचारलं. अंगठ्याखाली चिमणी आली म्हणून, असं सांगितलं असतं तर त्यांनी डॉक्टरला बोलावलं असतं. पण दुसऱ्या दिवसापासून मी बांगड्या काढून ठेवून, पुस्तक खालून तळहातावर धरून वाचू लागले, आणि आमच्या खोलीतली मुलं पहिल्यांदाच माझ्याकडं न बघता पुस्तकाकडं बघू लागली. आधी मला थोडं वाईटच वाटलं.

बाईंच्या तऱ्हा सांगाव्यात तेवढ्या थोड्या. खुर्चीवर त्या बसत नसत. पिशवीत कायम फुटाणे आणि एक खोडरबर असायचं, कुणी विचारलं तर म्हणायच्या, "पोरास्नी रबर लागतंय." एसटीत लहान मूल दिसलं की त्याच्या मागची जागा पकडायची, त्यासाठी चांगली खिडकी सोडायची. एकदा कराडला सोमवार होता. सगळे जमले, बाईंचा पत्ता नाही, फोन उचलत नाहीत. आम्ही एकमेकांना धीर देत बसलो होतो. दुपार कलल्यावर त्या आल्या, चेहऱ्यावर लग्नाहून आल्यासारखा आनंद. साताऱ्याहून बसल्या तेव्हा पुढच्या बाकावर एक चिमुरडी तिच्या भावलीला गोष्ट सांगत होती. कराड आलं तरी गोष्ट संपली नव्हती. म्हणून बाई तशाच पुढं कोल्हापूरला गेल्या आणि उलट बस पकडून आल्या.

"आवं पण फोन तरी उचलायचा!" तासगाव चिडले होते. "आमी हितं पोलिसात जायच्या तयारीत."

"फोन उचलला असता तर ती गप झाली असती की."

त्या दिवशी वाचन झालंच नाही. संध्याकाळपर्यंत बाई ती गोष्ट सांगत राहिल्या, म्हणजे त्या पोरीनं कुठं श्वास घेतला, कुठं ती अडली, अडल्यावर भावलीलाच कशी रागावली, ते सगळं. आम्ही सगळे मोठे लोक तोंड उघडं टाकून ऐकत होतो. आणि बसनं सांगलीला परत येताना माझ्या मनात पहिल्यांदा आलं, या बाईंनी आम्हाला कधीच काही वाचून दाखवलेलं नाही.

खरंच नव्हतं. दर वेळी त्या मूलच असायच्या. पाळी आली की काहीतरी निघायचं. घसा बसलाय, चष्मा घरी राहिलाय, आज तासगावांचं ऐकायचंय. एकदा हे ध्यानात आल्यावर मला दुसरं काही सुचेना. ज्या बाईला आमच्या एकेका अंगठ्याचं कळतं, ती स्वतः कशी वाचत असेल? मला सतरंजीवर त्यांच्या पुढ्यात बसून एकदा ते ऐकायचं होतं. बाकी काही नको होतं. मी मागं लागले. लहान मूल लागावं तशी लागले. फोन करून विचारायचे, "या सोमवारी तुम्ही ना?" त्या हसायच्या, "बगू की."

एका सोमवारी वाईला सगळे गेल्यावर मी मुद्दाम मागं राहिले. आम्ही कृष्णेच्या घाटावर जाऊन बसलो. बाईंनी पिशवीतून फुटाणे काढले आणि पुडी माझ्या हातात दिली. "तुमीच सोडा."

मी पुडी सोडली. त्यांनी हात पुढं केला तेव्हा मला दिसलं. उजवा हात थरथरत होता. थोडा नाही, चांगलाच. इतके दिवस तो पदराखाली, पिशवीखाली, दुसऱ्या हाताखाली असायचा. चहा त्या दोन्ही हातांत पेला धरून प्यायच्या आणि आम्ही ती त्यांची तऱ्हा समजत होतो.

"कंपवात हाय म्हणं," त्या म्हणाल्या. "तुमी लोक भेटायच्या आदीपासनं. मी पोरास्नी म्हशीची गोष्ट वाचायची. ती पाण्याला भिणारी म्हैस, तुमच्याकडं बी हाय बगा ते पुस्तक. एक दिस वाचताना सगळी पोरं हसाया लागली. म्हटलं, हितं तर हसायचं काय न्हाई. म्हैस रडतीया. तवा एक पोरगी म्हणाली, बाई, म्हैस नाचतीया."

मी फुटाण्यांची पुडी परत बांधली.

"त्यांची काय चुकी? चित्र हलाया लागल्यावर म्हैस नाचणारच. मग मी वाचायचं सोडलं. पन वाचन कानावर पडल्याशिवाय मला करमंना. म्हणून निघाले, म्हटलं, दुसरी लोकं कशी वाचत्यात ऐकू तरी. त्या येळी पयली तुमची लायब्ररी लागली."

"पुस्तक मी धरते," मी म्हटलं. "तुम्ही नुसतं वाचा."

"एका पुस्तकाला दोन बाया? पोरं कुणाकडं बगतील?" त्या उठल्या आणि साडी झटकली. "चला, तुमचा सूर्य मावळंल. जेवायचं ऱ्हाईल तुमचं."

त्या दिवशी बसमध्ये मला फार रडू आलं. शेजारी हळदीच्या व्यापाऱ्याची बायको होती, ओळखीची. तिला वाटलं, माहेराहून आले.

पुढच्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. एकटं राहणं आता जमणार नव्हतं, लेक हैदराबादला होती, ती न्यायला येणार होती. वाईला शेवटचा सोमवार ठरला. आम्ही सगळे गेलो. कराडच्या मुलीनं वाचलं, स्वच्छ, मोकळ्या आवाजात, कुठं ती हजेरीवाली पोरगी आणि कुठं ही. तासगावांनी वाचलं. मग माझी पाळी. मी उठले, कपाटातून ते म्हशीचं पुस्तक काढलं आणि बाईंच्या शेजारी जाऊन बसले. पुस्तक उघडून सगळ्यांकडं तोंड करून धरलं.

बाईंनी माझ्याकडं बघितलं. खूप वेळ बघितलं. बाहेर लेक-जावई गाडीत सामान भरत होते.

"धर नीट," त्या म्हणाल्या. आजवर मला अहो-जाहो करायच्या. "खालनं धर. आन हलू नकोस."

आणि त्यांनी वाचलं. ते पुस्तक त्यांना पाठच होतं, पानाकडं बघायची गरज नव्हती. दोन्ही हात पदराखाली घेऊन, मांडी घालून त्या बोलत होत्या आणि मी पुस्तक धरून होते. माझा जीव सगळा पानांत. कधी उलटायचं? वाक्य संपलं की संपायच्या आधी? मध्येच एका जागी त्या थांबल्या. मला वाटलं, विसरल्या. घाबरून मी पान उलटलं. त्यांनी पदराखालचा हात काढला आणि थरथरत्या बोटांनी ते पान परत फिरवलं. समोर सगळे बसलेले, कुणी नाक ओढत नव्हतं, कुणी केस ओढत नव्हतं, तासगाव रडत नव्हते. शेवटचं पान बिनशब्दांचं आहे, पाण्याबाहेर म्हशीच्या नुसत्या दोन नाकपुड्या. तिथं काही वाचायचं नाही म्हणून मी पुस्तक मिटायला घेतलं, खाली बघितलं, आणि वर बघते तो सगळ्यांचे डोळे भरलेले.

"बाई, गाडी," लेकीनं दारातून हाक मारली. आईला तीही बाईच म्हणायची.

उठता उठता बाईंनी मला विचारलं, "लक्ष कुटं गेलं?"

"पानांकडं," मी म्हटलं. खोटं बोलायची सोय नव्हती. "मी ऐकलंच नाही, बाई. एक अक्षर ऐकलं नाही."

"धरनाऱ्यानं ऐकायचं नसतंय," त्या म्हणाल्या आणि माझ्या गालाला हात लावला. तो हात माझ्या गालावर थरथरत होता. मग त्या गेल्या.

हैदराबादहून फोन यायचे. आधी त्या तिथल्या पोरांच्या गमती सांगायच्या, भाषा कळत नसली तरी खालच्या मजल्यावरच्या एका पोराला त्या खिडकीतून रोज वाकुल्या दाखवायच्या. मग आवाज बारीक होत गेला. मग लेकच बोलायची. आणि एके दिवशी सकाळी लेकीचा फोन आला तेव्हा तिनं बोलायच्या आधीच मला कळलं.

माणूस गेल्याचं दुःख सगळ्यांना होतं, मलाही झालं. पण माझ्या दुःखात एक हट्ट होता, तो कुणाला सांगण्यासारखा नव्हता. मला ऐकायचं राहिलं होतं. बाईंच्या खांद्याला खांदा लावून मी बसले होते आणि तरी त्या खोलीत न ऐकलेली मी एकटीच होते. रात्रंदिवस तेच. भाजी चिरताना मी ते पुस्तक मनात वाचायचे आणि ते माझ्याच आवाजात यायचं.

पुढचा सोमवार विश्रामबागेत होता. सतरंजी अंथरली, पण वाचायला कुणी उठेना. शेवटी मीच म्हटलं, "मला सांगा, त्या दिवशी बाईंनी कसं वाचलं. तुम्ही समोर होता."

तासगावांनी मिशीवरून हात फिरवला. "आवाज बदललाच न्हाई हो त्यांनी. म्हैस बी त्याच आवाजात, बगळा बी त्याच आवाजात. फक्त पाणी आलं की हळू व्हायच्या. पाण्याला ऐकू जाऊ नये अशा."

"आणि थांबल्या ना एकदा," कराडची मुलगी म्हणाली, "म्हैस पहिला पाय पाण्यात ठेवते तिथं, तेव्हा त्या आमच्या एकेकाकडं बघत होत्या. कुणी मागं राहिलं नाही ना, अशा. सगळ्यांकडं बघून झाल्यावर पुढं गेल्या."

म्हणजे त्या विसरल्या नव्हत्या.

"मला दाखवा," मी म्हटलं. "सांगू नका, दाखवा." आणि मी सतरंजीच्या मधोमध मांडी घालून बसले.

दोघं समोर बसले. कराडनं पुस्तक धरलं. पहिलं पान तिनं म्हटलं, दुसरं तासगावांनी. एकाचं चुकलं की दुसरा थांबवायचा, "न्हाई, असं न्हाई, 'उतर गं' हे त्या हसत म्हणाल्या हुत्या," आणि मागं जाऊन ते पान पुन्हा. पाणी आलं, दोघांचे आवाज उतरले. म्हशीनं पाय उचलला आणि तासगाव थांबले. त्यांनी माझ्याकडं बघितलं. कराडनं बघितलं. सतरंजीवर मी एकटीच होते, तरी त्यांनी दोन्ही बाजूंच्या रिकाम्या जागांकडंही बघितलं, मग माझ्याकडं परत, आणि मगच म्हशीचा पाय पाण्यात पडला.

शेवटचं पान आलं. दोन नाकपुड्या. मग त्या फौजी माणसानं छाती भरून श्वास घेतला आणि नाकातून सोडला, लांब, ओला, सावकाश, पाण्यात बसल्यावर म्हैस सोडते तसा. माझ्या कपाळावरचे केस हलले. बाईंनी हे केलं होतं आणि मी तेव्हा खाली बघत होते.

"लक्ष कुठं गेलं?" कराडनं विचारलं.

तोंड उघडलं तर मला चार वर्षांच्या पोरीएवढंच बोलता आलं.

"परत वाचा."

त्यांनी पहिलं पान काढलं आणि परत वाचलं.